मनापासून म्हटलं होतं का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात एका ओळीचा प्रश्न छापला होता, विश्वासी घरातल्या लहान मुलाच्या मनात देवाबद्दल शंका आली तर ते पाप का? जागा नव्हती म्हणून मी एवढंच लिहिलं की नाही, पाप नाही, पुढच्या वेळी नीट बोलू. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं इव्हँजेलिकल घरांतली आहेत, म्हणजे जिथे पवित्र शास्त्राचा (बायबलचा) शब्द न् शब्द खरा मानतात, रोज कौटुंबिक प्रार्थना असते, रविवारी आधी संडे स्कूल मग उपासना, आणि ‘तुझं तारण झालंय ना?’ (पापातून सुटका झालीय ना) हे ‘कितवीत आहेस?’ इतक्या सहज विचारतात. सगळी छापणं शक्य नाही. निवडलेल्यांची नावं काढलीत. मी स्वतः अशाच घरात वाढलेय हे आधीच सांगते, उगाच मी तटस्थ आहे असा कुणाचा समज नको.

ताई, मी चाळिशीच्या जवळ आलेय पण हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्याला पण नाही. सहा-सात वर्षांची असताना संडे स्कूलमध्ये टीचरने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि ज्यांना येशूला हृदयात बोलवायचंय त्यांनी हात वर करा म्हणाल्या, मी केला, त्यांच्या मागून प्रार्थना म्हटली, घरी आल्यावर आईला रडू आलं, बाबांनी माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर तारीख लिहिली. त्या रात्री मनात आलं की प्रार्थना म्हणताना माझं लक्ष तर शेजारच्या मुलीच्या नवीन सँडलकडे होतं, मग ती धरतील का? म्हणून पांघरुणात परत म्हटली. दुसऱ्या रात्री परत. पुढे वर्षानुवर्षं हेच, कारण मध्येच विचार यायचा की देव नसलाच तर? आणि तो आला की आधीचं सगळं फुकट गेलं असं वाटायचं. शाळेतून आल्यावर घरात कुणी दिसलं नाही की वाटायचं, प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी मागे राहिले. मग आईची पर्स खुंटीला आहे का बघायचे, पर्स असली आणि आई नसली की संपलं. बाहेरून मी एकदम गुणी, वचनं पाठ करण्यात पहिला नंबर. मला विचारायचंय, मी खरंच अविश्वासी होते का, की नाटकी होते? आणि आता माझी मुलगी त्याच वयाची आहे, परवा झोपताना म्हणाली, मम्मी, आपण बोलतो ते देवाला ऐकू येतं हे तुला कसं माहीत? मी विषय बदलला. काय सांगायला हवं होतं?

नाटकी अजिबात नव्हता. त्या वर्गात सगळ्यात मन लावून ऐकणाऱ्या बहुधा तुम्हीच असाल, आणि दुखणं तिथेच सुरू झालं.

डेव्हिड बेबिंग्टन म्हणून एक ब्रिटिश इतिहासकार आहेत, त्यांनी १९८९ साली इव्हँजेलिकल पंथाच्या चार खुणा सांगितल्या, त्या अभ्यासक आजही वापरतात: मनपरिवर्तन, पवित्र शास्त्राचा अधिकार, वधस्तंभावर भर, आणि विश्वास कामातून पसरवण्याची धडपड. यातली पहिली खूण मुलांना जड जाते. या पंथात जन्माने कुणी ख्रिस्ती होत नाही, प्रत्येकाने स्वतः ठरवायचं, नवा जन्म घ्यायचा. दारूत बुडालेला माणूस चाळिशीत प्रभूकडे वळतो तेव्हा त्याला आधीचं आणि नंतरचं आयुष्य लख्ख दिसतं, मंडळीसमोर (चर्चमधल्या लोकांसमोर) उभा राहून तो तशी साक्ष देतो आणि ती खरीही असते. पण सहा वर्षांच्या पोरीकडे ‘आधीचं’ आहे काय? बहिणीची पेन्सिल लपवली होती, बस. बदल दिसायला बदलण्यासारखं काही नाही, मग पुरावा म्हणून एकच गोष्ट उरते, की मी ते मनापासून म्हटलं. आणि मनापासून होतं का हे बघायला मनात डोकावलं की डोकावणारीच तेवढी दिसते. म्हणून परत म्हणा, परत डोकवा. तुमची बरीचशी शंका देवावर नव्हतीच हो, ती स्वतःवर होती, मी नीट विश्वास ठेवला का यावर. ‘देव नसलाच तर’ हा विचार बऱ्याच मुलांना कधी ना कधी येतो आणि बहुतेकांच्या डोक्यातून निघूनही जातो. तुम्हाला तो धमकीसारखा वाटला, कारण तो आला की तुमची तारीखच रद्द होत होती.

मला आलेल्या पत्रांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोठी माणसं समजतात पोराचा विश्वास डळमळलाय, मग औषध म्हणून अजून प्रार्थना, अजून वचनं, पुढच्या शिबिरात परत हात वर. ज्या पोराला आपण नीट केलं का याचीच धास्ती आहे त्याला तेच परत करायला लावायचं, मग धास्ती वाढेल नाहीतर काय होईल.

बरं, ही जी पद्धत आहे ना, सगळ्यांसमोर आत्ताच्या आत्ता निर्णय घ्या, पुढे या, ती काही प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली नाही. अमेरिकेत १८३०च्या दशकात चार्ल्स फिनी हा सुवार्तिक आपल्या तारणाची चिंता लागलेल्यांना पुढच्या बाकावर येऊन बसायला सांगायचा, त्याच्यामुळे या पद्धतीचा जोरात प्रसार झाला. संडे स्कूलमध्ये म्हणून घेतात ती पाप्याची प्रार्थना त्या शब्दांत पवित्र शास्त्रात कुठेच नाही. आणि ‘मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे’ हे जे वचन मुलांना हृदयाचं दार म्हणून शिकवतात ते प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलंय, म्हणजे आधीच मंडळीत असलेल्या मोठ्या माणसांना, तेही कोमट झाल्याबद्दल कानउघाडणी करताना. चेष्टा म्हणून नाही सांगत आहे, कित्येकांचं तारण अशा प्रार्थनेतून सुरू झालं असं ते सांगतात आणि मी कोण त्यांना खोटं ठरवणारी. पण एका लहान मुलीचं अख्खं अनंतकाळ सँडलकडे लक्ष गेल्यामुळे हुकेल, एवढं वजन त्या दुपारवर पवित्र शास्त्राने टाकलेलं नाही, ते माणसांनी टाकलं. १८४७ साली होरेस बुशनेल नावाच्या अमेरिकन पाळकाने हेच मांडलं होतं की ख्रिस्ती घरातलं मूल असं वाढावं की आपण कधी देवाचे नव्हतो असं त्याला आठवूच नये. त्याच्यावर भरपूर टीका झाली तो भाग वेगळा, पण वाद घरातलाच आहे आणि जुना आहे.

आणि ज्यांच्या साक्षी आपण ऐकत मोठे झालो त्यांचं काय? मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली घ्या. २४ मे १७३८ला लंडनच्या एका सभेत त्याचं हृदय विलक्षण उबदार झालं ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ. त्याच वेस्लीने पुढच्या जानेवारीत रोजनिशीत लिहून ठेवलंय की मी आत्ता ख्रिस्ती नाही, आणि १७६६ला, साठी उलटल्यावर, भावाला पत्रात कबूल केलंय की माझं देवावर प्रेम नाही, कधी नव्हतंच. तरी त्याच काळात तो घोड्यावरून गावोगाव उपदेश करत फिरत होता. ही रोजनिशी आपल्याला संडे स्कूलमध्ये कुणी वाचून दाखवली नाही, दाखवली असती तर तुमच्या-माझ्यासारख्यांची झोप बरीच सुधारली असती असं मला वाटतं.

रिकाम्या घराचं थोडक्यात सांगते. विश्वासणाऱ्यांना आधी गुपचूप वर उचललं जाईल आणि बाकीचे मागे राहतील, या रूपात ही शिकवण पसरली ती १८३०च्या आसपास जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलने ती घरोघरी गेली. प्रभू परत येणार हे बहुतेक सगळ्याच मंडळ्या मानतात, पण कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि कितीतरी प्रोटेस्टंट मंडळ्या हे असं वेगळं उचललं जाणं शिकवत नाहीत. म्हणजे पर्सकडे बघत उभी राहिलेली ती मुलगी ज्या गोष्टीला घाबरत होती त्यावर मोठ्यांचंच एकमत नव्हतं. तिला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आता तुमची लेक. तुम्ही विषय बदललात त्यातून तिला कळलं की इथे मम्मी घाबरते. अजून वेळ गेलेली नाही, आजच म्हणा, परवा तू काय विचारत होतीस गं? आणि उत्तराच्या आधी तिला विचारा की तुला काय वाटतं. कारण जेम्स फाउलर नावाच्या अभ्यासकाने १९८१ साली विश्वासाच्या वाढीचे जे टप्पे मांडले त्यात शाळकरी वयातली मुलं धर्मकथा शब्दशः घेतात असं त्याचं निरीक्षण आहे, म्हणजे तिचा प्रश्न कदाचित एवढाच असेल की इतकी माणसं एकदम बोलतात तर देवाला गोंधळ होत नाही का. किंवा तिने काहीतरी मागितलं असेल आणि मिळालं नसेल. ते कळल्याशिवाय तुम्ही जे काही बोलाल ते वाया जाणार. मग जे खरं असेल ते सांगा, माझा विश्वास आहे, मला माहीत आहे असं नाही म्हणता येणार, मलाही कधीकधी प्रश्न पडतो. तिने ‘बरं’ म्हणून कूस बदलली तर बदलू द्या. प्रार्थना मनापासून म्हटलीस ना, हे मात्र कधीच विचारू नका.

मी संडे स्कूल घेतो. आठ वर्षांच्या एका मुलाने भर वर्गात विचारलं, माझा बेस्ट फ्रेंड चर्चला येत नाही, तो नरकात जाणार का, मग स्वर्गात मी कोणाशी खेळू? मुलं हसली. मी म्हटलं, म्हणून तर आपण त्याला सुवार्ता सांगायची. आता त्याची आई सांगते की तो रात्रीचा रडतो आणि त्या मित्राशी खेळणंच बंद केलंय. माझं उत्तर शास्त्राला धरूनच होतं ना?

शास्त्राला धरून असेल, पण तुम्ही ते आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठेवलंत. त्याने ऐकलं ते असं की मित्र जळणार आणि त्याला वाचवायचं काम माझं. कुठलंही मूल हे पेलणार नाही, मग ते मित्राकडे बघणंच बंद करतं.

आणि मुलगा तरी काय वेगळं बोलला हो? उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोमाचा नाश होणार कळल्यावर अब्राहाम देवासमोर उभा राहून हेच विचारतो, दुर्जनांबरोबर नीतिमानांचाही नाश करणार का, सगळ्या जगाचा न्याय करणारा न्यायाने वागणार नाही का? पन्नासपासून घासाघीस करत दहापर्यंत येतो. देव चिडत नाही, प्रत्येक वेळी उत्तर देतो. तुमच्या वर्गात अब्राहाम आला होता आणि मुलं हसली.

नरकाबद्दल इव्हँजेलिकल लोकांतही सगळे एका सुरात बोलत नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच. जॉन स्टॉटसारख्या नावाजलेल्या ब्रिटिश इव्हँजेलिकल पाळकाने १९८८ साली जाहीरपणे लिहिलं की अनंतकाळ यातना चालू राहण्यापेक्षा दुष्टांचा शेवटी नाश होतो हे मत आपल्याला जास्त पटतं, आणि ते सुद्धा ठामपणे नाही, हातचं राखून. एवढा मोठा माणूस एवढं जपून बोलतो तिथे आपण आठ वर्षांच्या मुलांपुढे एवढ्या खात्रीने कशाला बोलायचं. पुढच्या रविवारी त्याच वर्गात सगळ्यांसमोर सांगा की त्या दिवशीचा प्रश्न फार चांगला होता, आपण हसायला नको होतं, आणि अब्राहामाची गोष्ट सांगा. कोणाचं काय होणार हे ठरवायचं काम देवाचं, तुझं काम खेळायचं, हे त्याला नीट ऐकू जाईल असं म्हणा. त्याच्या आईशीही बोला, पण त्याला समोर बसवून नको.

नाव छापू नका प्लीज. मी चौदा वर्षांचा आहे. मार्क ३ मध्ये पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही असं वाचलं तेव्हापासून प्रार्थनेत डोक्यात पवित्र आत्म्याबद्दल घाण शब्द येतात, मला नको असतात तरी येतात, मी ते कॅन्सल करायला मनात सॉरी म्हणतो, ठरावीक वेळा म्हणावं लागतं नाहीतर परत पहिल्यापासून. पाळकांना बऱ्याचदा विचारलं, ते म्हणतात तू ते पाप केलेलं नाहीस, मग थोडा वेळ बरं वाटतं आणि परत वाटतं की मी त्यांना नीट सांगितलंच नाही. मी संपलोय का?

नाही, संपलेला नाहीस. आधी तो उतारा बघू. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमहून आलेले शास्त्री येशू भुतं काढतो ते बघतात आणि शांत डोक्याने सगळ्यांसमोर म्हणतात की याच्या अंगात बालजबूल, म्हणजे भुतांचा अधिपती, आहे. त्यांना उद्देशून ते वाक्य आहे, तिसाव्या ओवीत कारणसुद्धा दिलंय की ते असं म्हणत होते म्हणून. डोक्यात नको असताना घुसलेल्या शब्दांबद्दल तिथे काहीच नाही. शास्त्र्यांना आपण काय बोललो याचं सोयरसुतक नव्हतं, आणि तू रडवेला झालायस.

तुझ्यासारखा एक माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होता, जॉन बन्यन. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला नरकाची आणि सैतानांची स्वप्नं पडायची, आणि मोठेपणी डोक्यात एकच वाक्य घुसलं, ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक. १६६६ला छापलेल्या आत्मकथनात तो लिहितो की जेवताना, टाचणी उचलायला वाकताना, लाकूड तोडताना, प्रत्येक वेळी ते वाक्य यायचं आणि तो नाही नाही म्हणत बसायचा. शेवटी थकून त्याच्या मनात आलं, जाऊ दे ख्रिस्ताला जायचं तर, आणि मग आपण क्षमा नसलेलं पाप केलं या समजुतीत त्याने फार वाईट काळ काढला. हाच माणूस पुढे त्याच्या काळातला गाजलेला उपदेशक झाला.

आता महत्त्वाचं सांगते, नीट वाच. नको ते विचार येणं, ते पुसायला ठरावीक वेळा काहीतरी म्हणणं, मोजणं, पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेणं, हे ओसीडी नावाच्या आजाराचं धार्मिक रूप असू शकतं, इंग्रजीत त्याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. मी डॉक्टर नाही, तुला आहे की नाही हे मी पत्रावरून सांगणार नाही. पण यावर चांगले उपचार आहेत, एका प्रकारच्या थेरपीत विचार आला तरी सॉरी न म्हणता थांबायची हळूहळू सवय करतात, गरज पडली तर गोळ्याही असतात, आणि यात देवावरचा विश्वास सोडायला कुणी सांगत नाही. पाळकांनी खात्री दिली की थोडा वेळच बरं का वाटतं माहितीय? प्रत्येक खात्रीने डोकं शिकतं की हा प्रश्न खरंच धोक्याचा होता, म्हणून ते परत विचारतं. त्यामुळे मीही तुला हे एकदाच सांगतेय. परत पत्र लिहिलंस तर आनंदाने उत्तर देईन, पण या प्रश्नाचं नाही.

आई किंवा बाबा यांच्यापैकी जे कमी घाबरतील त्यांना हे पान दाखव आणि मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंय म्हण. पाळकांना पण सांग, त्यांना काय करायचं ते कळेल तरी, ते बिचारे चांगल्या मनानेच चुकीचं करतायत. जगणंच नको असं कधी वाटलं तर मात्र डॉक्टरच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच क्षणी घरातल्या कुणालातरी उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मुलगा विचारतो नोहाच्या तारवात डायनासोर होते का. शाळेत वेगळं शिकवतात, मंडळीत वेगळं. काय सांगू?

सांगा की यावर विश्वासी लोकांतच वेगवेगळी मतं आहेत, जे खरं आहे. जग इ.स.पू. ४००४ साली निर्माण झालं हा हिशोब सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी केला आणि नंतर तो बायबलच्या समासात छापला जायला लागला म्हणून तो वचनाइतकाच जुना वाटतो. डार्विनची बाजू अमेरिकेत सगळ्यात आधी उचलून धरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा पक्का ख्रिस्ती होता. पवित्र शास्त्रात चूक नाही हे हिरिरीने मांडणारा बी. बी. वॉरफिल्डसुद्धा उत्क्रांती आणि विश्वास यांचं जमूच शकत नाही असं मानत नव्हता. शाळा किंवा देव, दोनातलं एक निवड, असं मात्र पोराला म्हणू नका. एक दिवस तो निवडेल आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही.

तुमचं उत्तर वाचून वाईट वाटलं. माझी पंधरा वर्षांची मुलगी बाप्तिस्म्याच्या वर्गाला जात होती, यादीत नाव आहे, आणि आता म्हणते मला नाही घ्यायचा, माझा विश्वास आहे की नाही मलाच माहीत नाही. याकोब १:६ स्पष्ट सांगतो की संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा आहे. तुमच्यासारखे लोक शंकेला खतपाणी घालतात. आईबापाने थोडी जबरदस्ती केली तर बिघडलं कुठे?

दादा, राग समजू शकते. मंडळीत लोक विचारणार, त्याचंही टेन्शन असेल, पत्रात लिहिलं नाहीत तरी.

याकोबाचं वचन सहाव्या ओवीपासून सुरू होत नाही, पाचवी आधी वाचा, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. दोष न लावता. आणि अजून थोडं पुढे यहूदाचं चिमुकलं पत्र आहे, त्याच्या बाविसाव्या ओवीत सरळ आज्ञा आहे की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याचा मुलगा आजारी आहे, तो एका दमात म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि त्याचा मुलगा बरा होतो. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात उठलेल्या प्रभूला समोर बघूनही काहींना संशय वाटला असं लिहिलंय, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्या सगळ्यांनाच मिळाली, संशयवाल्यांना बाजूला काढलं नाही. थोमा या शिष्याचं तर आपण नाव खराब करून ठेवलंय. पण एक बघा, प्रभू उठलाय असं बाकीच्यांनी सांगितल्यावर तो म्हणाला मी बघितल्याशिवाय मानणार नाही, आणि आठ दिवसांनी प्रभू परत आला तेव्हा थोमा त्याच बंद दाराआड बाकीच्या शिष्यांबरोबर बसलेला होता. त्या आठ दिवसांत त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं.

आता जबरदस्ती. तुमची मंडळी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाही, मुलगी पंधराव्या वर्षी वर्गाला जाते यावरूनच ते कळतं, कारण तुम्ही मानता की ज्याने त्याने स्वतः कबुली द्यावी. या एका मुद्द्यासाठी लोकांनी जीव दिलाय. १५२५च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी, स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा घेतला, आणि दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्या सरकारने नदीत बुडवून मारलं. त्या विचारावर उभ्या असलेल्या मंडळीत बापाने मुलीला दटावून पाण्यात उतरवायचं? तुमच्याच शिकवणीप्रमाणे तो बाप्तिस्मा ठरणार नाही. खोटं हो म्हणणं तिला सोपं होतं, वर्गाला जाणाऱ्या किती मुलामुलींनी ते म्हटलं असेल देव जाणे. ती मंडळीपुढे खोटं बोलायला तयार नाही, म्हणजे वर्गात जे शिकवलं ते तिने कदाचित सगळ्यात गंभीरपणे घेतलंय. विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मुलांनाही आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात चौदाव्या कलमात लिहिलंय, त्याच कलमात आईबापांनी वाट दाखवण्याचा हक्कही आहे, पण मुलाच्या वाढत्या समजेला धरून. पंधराव्या वर्षी समज बरीच वाढलेली असते.

ती परत येईल का, हे मला विचारू नका. काही येतात, काही येत नाहीत, काही दुसऱ्याच मंडळीत रमतात. तुमच्या हातात एवढंच आहे की जेवताना तिच्याशी पूर्वीसारखंच बोलणं चालू राहील का, की प्रत्येक वाक्य आता बाप्तिस्म्यावर जाऊन थांबेल. उपासनेला सगळ्यांबरोबर यायचं की नाही यावर घरात बोलून ठरवा, ती आली तर तिने साक्ष द्यावी, गीत म्हणावं अशी अट नको.

आणि मेहरबानी करून बुधवारच्या प्रार्थना सभेत ‘माझ्या मुलीच्या विश्वासासाठी प्रार्थना करा’ असं सांगू नका. मला माहितीय हेतू चांगला असतो, पण रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळतं, मग पायरीवर कुणीतरी तिचा हात हातात घेऊन डोळ्यात पाणी आणून ‘आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं’ म्हणतं, आणि ती परत त्या पायरीवर पाय ठेवत नाही. माझ्याकडे आलेल्या पत्रांत चर्च सोडलेल्या ज्यांनी ज्यांनी कारण लिहिलंय त्यात हे फार आहे, डार्विनपेक्षा जास्त आहे. यादीतून नाव काढायला पाळकांना फोन तुम्ही स्वतः करा, तिला करायला लावू नका. का म्हणून विचारलं तर, तिने विचार करून नाही म्हटलंय आणि आम्हाला ते मान्य आहे, एवढंच सांगा. दुसरं वाक्य निदान फोनवर तरी खरं वाटेल असं म्हणा, ती बाजूच्या खोलीतून ऐकत असेल.